एका बादलीला एक तांब्या

आश्विन लागला की पूर्णा स्टेशनबाहेर मोसंबीच्या रसाचे गाडे उभे राहतात. शाळेला जायचा माझा रस्ता त्यांच्यासमोरूनच आहे. तरी मी पलीकडच्या अंगाने, भिंतीला चिकटून जातो. वास येतोच. रसवाला साल काढत असतो, एक लांब हिरवी-पिवळी पट्टी वळत वळत टबात पडते आणि त्या क्षणी हवेत काहीतरी उडतं. एरवी दिसत नाही. ऊन तिरपं असलं तर दिसतं: धुरापेक्षा बारीक, चमकून लगेच विरणारा एक फवारा. तो श्वासात गेला की मी पूर्णेत राहत नाही. सोनपेठच्या अलीकडे, माझ्या बहिणीच्या बागेत, दोन ओळींच्या मधे पाठीवर पंप घेऊन उभा असतो. भर दुपार असते. पानं हलत नसतात. आणि आता मी जे करणार आहे ते करू नये, हे मला माहीत असतं.

मला मोसंबी सोसत नाही, असं माझ्या बायकोने ठरवून टाकलं आहे. "यांना पित्त होतं," असं ती पाहुण्यांना सांगते. मी तिला कधी दुरुस्त केलं नाही. न सांगता राहणं मला फार लहानपणी जमायला लागलं.

चुडाव्याच्या आमच्या घरामागे मोसंबीचं एकच झाड होतं. आक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. दिवाळीत अंगणात पणत्या लावून झाल्या की ती सालीचा तुकडा ज्योतीजवळ धरायची आणि दोन बोटांत चिमटायची. चुर्रर्र आवाज व्हायचा आणि ज्योतीतून बारीक ठिणग्यांचं एक झुडूप उगवून मावळायचं. "बग बापू, आपल्या झाडाचे फुलबाजे," ती म्हणायची. मला ते झुडूप पुन्हा पुन्हा हवं असायचं. तिची बोटं पिवळी होईपर्यंत ती साली चिमटत राहायची, आणि संध्याकाळ त्या कडसर, गोड, जळक्या वासाने भरून जायची.

अशाच एका संध्याकाळी मी साल तिच्या डोळ्यापाशी नेऊन पिळली. गंमत म्हणून. ती डोळा दाबून खालीच बसली. आई आतून आली. "काय झालं गं?" आक्का म्हणाली, "काई न्हाई, चुलीचा धूर गेला." चूल तर केव्हाच विझली होती. आई आत गेली. एका डोळ्यातून पाणी वाहत असताना दुसऱ्या डोळ्याने आक्का माझ्याकडे बघून हसली. मला सुटल्यासारखं वाटलं. आज हे लिहिताना कबूल करतो, की ते सुटणं मला आवडलं होतं.

आक्काचं लग्न झालं ते गोदावरीकाठच्या काळ्या रानात. दाजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, विहिरीच्या अंगाला मोसंबी लावली होती. मी बी.एड. होईपर्यंत ती बाग धरायला लागली. दिवाळीच्या सुट्टीत मी जायचो तेव्हा आंबे बहाराची, म्हणजे आंब्याच्या मोहोराबरोबर फुललेली, फळं तोडणीला आलेली असायची. सकाळी उठून बागेत गेलं तर प्रत्येक फळावर दव, आणि दवावर उजेड. हात लावावासा वाटायचा. पण आक्काचा नियम होता, दव सुकल्याशिवाय फळाला हात लावायचा नाही. ओलं फळ अंगठ्याखाली दाबलं गेलं तर त्या वेळी काहीच दिसत नाही. दोन दिवसांनी मात्र बरोबर अंगठ्याएवढा तपकिरी डाग उमटतो. "सालीतलं त्याल सालीलाच पोळतं," ती म्हणायची. ते ऐकून मी मान डोलवायचो. विज्ञानाचा शिक्षक होतो, त्यामागचं कारण सांगू शकत होतो. सालीत तेलाच्या बारीक पिशव्या असतात. त्या फुगलेल्या असताना फुटल्या की तेल बाहेर येतं आणि आजूबाजूच्या पेशी मारतं. मी हे शिकवत होतो आणि आक्का ते बघत होती, एवढाच आमच्यात फरक होता.

तिचं बघणं फार शांत होतं. घरची आणि सोयऱ्यांना द्यायची फळं ती माळवदाखालच्या गार खोलीत उसाच्या पाचटावर पसरून ठेवायची. त्याच खोलीत दोरीवर साली वाळायच्या, उटण्यासाठी. एका वर्षी तिच्या लक्षात आलं की दोरीखालच्या फळांना बुरशी धरत नाही. भिंतीकडच्या फळांवर आधी पांढरी लव येते, मग ती हिरवी होते आणि बोट लावलं की धूळ उडते. दोरीखाली मात्र फळं आठ-आठ दिवस जास्त टिकतात. तिने दोरी भिंतीकडे हलवली. मग भिंतीकडची फळं टिकायला लागली. हा प्रयोग तिने कुणाला सांगितला नाही, कारण हा प्रयोग आहे हे तिला माहीत नव्हतं.

"साल फळाची राखण करती," तिने मला एकदा सांगितलं. "मग सोलली म्हणून काय तिची राखण सुटती का?"

तिथून तिचं पाणी सुरू झालं. तोडणीच्या आधी हिरवी फळं गळून पडतात. ती कुणी घेत नाही, बांधावर सडतात. आक्का ती पाटीत गोळा करायची, सोलायची, आणि साली खलबत्त्यात चेचून विहिरीजवळच्या माठात दोन दिवस भिजत घालायची. जुन्या लुगड्यातून पाणी गाळायची, त्यात थोडं रिठ्याचं पाणी टाकायची, म्हणजे ते पानाफळाला धरून राहतं. मग एका बादलीला एक तांब्या. पितळेचा, काठाला पोचा आलेला, आमच्या आईने लग्नात दिलेला तांब्या. आणि ऊन उतरल्यावरच फवारायचं. खालच्या फांद्यांना आधी, कारण पावसाचं पाणी मातीवर आपटून तिथे उडतं आणि कूज तिथूनच वर चढते.

मी विचारलं होतं, "पिकलेल्या फळांच्या साली का घेत नाहीस? त्या जास्त मिळतील."

"कवळ्या सालीत जोर असतो, बापू. पिकल्यावर तिचं सगळं ध्यान गोडीकडं जातं."

पुढे कित्येक वर्षांनी मी एका पुस्तकात वाचलं की कोवळ्या फळाच्या सालीत बुरशीला रोखणारी द्रव्यं जास्त असतात आणि फळ पिकत जातं तशी ती कमी होतात. 

त्या पाण्याने सगळं थांबत होतं, असं नाही. पण चार फळं सडायची तिथे एक सडायचं. शेजारच्या मळ्यांतल्या बाया डबे घेऊन यायला लागल्या. कुणाच्या डाळिंबाला, कुणाच्या लिंबाला. सोनपेठच्या बाजारात तिला "डॉक्टरीणबाई" म्हणायला लागले. चेष्टेनेच, पण त्यात मान होता. आक्का पदर तोंडाला लावून हसायची. मी तिला आयुष्यात तेवढ्या ताठ मानेने चालताना पुन्हा पाहिलं नाही.

सतरा वर्षांपूर्वीची ती दिवाळी. मी नुकताच नोकरीत कायम झालो होतो. सुट्टी संपली की तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन होतं, आणि त्यात मला आक्काचं पाणी मांडायचं होतं. आक्काचं म्हणून नाही. 'सालीच्या अर्काचा बुरशीनाशक म्हणून उपयोग', खाली माझं नाव. तक्ता लिहून झाला होता. फक्त फळं हवी होती, फवारलेली आणि न फवारलेली, नजरेत भरेल असा फरक असलेली. आक्काचं पाणी मला फार सावकाश वाटलं. मी स्टेशनवरच्या रसवाल्यांकडून पोतंभर साली आणल्या, शाळेच्या प्रयोगशाळेत स्पिरिटमध्ये आठ दिवस भिजवल्या आणि जो दाट, हिरवट, तेलकट अर्क निघाला तो पाच लिटरच्या कॅनमध्ये भरून निघालो.

गंगाखेडपर्यंत रेल्वे, पुढे एसटी. कॅनचं झाकण नीट बसत नव्हतं. बस हलली की वास उसळायचा. कंडक्टर तिकिटं फाडत माझ्यापाशी आला आणि थांबला.

"काय हाय ह्याच्यात?"

"सालीचा अर्क आहे. मोसंबीच्या."

"मोसंबी!" तो मागे वळून सगळ्या बसला ऐकू जाईल असं म्हणाला, "मास्तर मोसंबी घिऊन चाललेत. आमच्याकडं ती बाटलीत मिळती, ह्यांच्याकडं कॅनात."

सगळी बस हसली. देशी दारूलाही तिकडे मोसंबीच म्हणतात. मागच्या सीटवरची एक म्हातारी म्हणाली, "आसू दे रे बाबा. माझी नात मघापासून ओकायलती, ह्या वासानं गप झाली बग. दिवाळी हाय, मास्तरलाबी सण हाय की." पुन्हा हशा. मीही हसलो. त्या वेळी मला सगळंच शुभ वाटत होतं. खिडकीबाहेर वेचणीचा कापूस पांढरा दिसत होता, बैलगाड्यांची धूळ उन्हात सोनेरी होत होती, आणि मी मनात तक्त्यावरचं माझं नाव वाचत होतो.

आक्काने कॅन उघडून हुंगला. "दवाखान्यावानी वास यायलाय रे."

"स्पिरिट आहे त्यात. अर्क चांगला उतरतो."

"आन् माझं पाणी हाय की. कालच मारलंय हिरीकडच्या दोन वळीला."

"आक्का, हे शास्त्रीय आहे."

तिने कॅनचं झाकण परत दाबून बसवलं. मग म्हणाली, "बरं. पर एका बादलीला एक तांब्याच टाक. आन् ऊन उतरल्यावर. उद्या मी बाजारातून आले की दोगं मिळून मारू."

दुसऱ्या दिवशी ती बाजाराला गेली. दाजी कापसात होते. बाग रिकामी होती. त्या दुपारी तिथे जी शांतता होती, तशी मला पुन्हा कुठे सापडली नाही. विहिरीत पाण्यावर ऊन डुलत होतं आणि त्याचा उजेड वर झाडांच्या पोटाला लागून पुढेमागे सरकत होता. फळं कानातल्या डुलांसारखी लटकत होती. मला वाटलं, ती येईपर्यंत कशाला थांबायचं? ती आली की एक तांब्या म्हणेल, आणि एका तांब्याने चार दिवसांत काय दिसणार? मी बादलीत चार तांबे टाकले. मग आणखी एक. पंप पाठीवर घेतला आणि विहिरीकडच्या त्याच दोन ओळींवर, ऐन दुपारी, ऑक्टोबरच्या उन्हात, कॅन संपेपर्यंत फवारत राहिलो. झाडांभोवती इंद्रधनुष्याचे तुकडे तरंगत होते. मला खरोखर आनंद झाला होता. हे मी लपवत नाही, कारण माझ्या अपराधातलं मला सगळ्यात जड जाणारं हेच आहे.

दिवस कलेपर्यंत कोवळी पानं वळायला लागली. फळांवर तेलकट, ओलसर ठिपके दिसले. मला कळलं. ओल्या फळावर अंगठा दाबला की जे होतं, ते मी दोन ओळींतल्या प्रत्येक फळाला केलं होतं. तिकडून आक्का येताना दिसली, डोक्यावर बाजाराची पाटी. मी कॅन उचलला, विहिरीवर धुतला, गळ्यापर्यंत पाण्याने भरला आणि पडवीच्या कोनाड्यात जसा होता तसा ठेवून दिला.

"मारलंस का रं?" तिने पाटी उतरवत विचारलं.

"नाही. कंटाळा आला. आता नकोच, तुझं पाणी आहेच की."

तिसऱ्या दिवशी फळांचे व्यापारी बागवानचाचा फळं बघायला आले. ही बाग बरीच वर्षं तेच घेत. विहिरीकडच्या ओळींपाशी ते थांबले, एक फळ तोडलं, उन्हात फिरवलं. सालीवर भाजल्यासारखे तपकिरी चट्टे होते. बोट फिरवलं तर खरखरीत.

"क्या मारे जी इसकू?" त्यांनी दाजींना विचारलं. "पूरा जल गया. आगीत धरल्यावानी झालंय."

दाजी आक्काकडे वळले. "काय मारलंस गं?"

आक्काने तोंड उघडलं. मग माझ्याकडे बघितलं. मी चपलेच्या अंगठ्याकडे बघत होतो. ती म्हणाली, "माझंच पाणी मारलंय. तांब्या जास्त पडला आसंल."

तिथे मी बोलायला हवं होतं. मी बोललो. मी म्हणालो, "प्रमाण सांभाळावं लागतं, आक्का."

हे वाक्य मी सतरा वर्षांत कुणाला सांगितलेलं नाही.

दाजी आरडाओरडा करणारे नाहीत. ते विहिरीकडे गेले, सालींचा माठ दोन्ही हातांनी उचलून बांधावर पालथा केला आणि म्हणाले, "तुझं औषध घरात ठेव बाई. आता बागेत न्हाई." पाणी मातीत जिरलं. साली तशाच पडून राहिल्या, दोन दिवस त्यांचा वास येत राहिला. बागवानचाचांनी बाकीची बाग घेतली, पण दर वर्षी फाटकातून आत येताना हसत विचारायला लागले, "इस साल कुछ मारे नै ना भाभी?" बाजारातही गोष्ट पोचली. बायांचे डबे यायचे बंद झाले. डॉक्टरीणबाई हे नाव राहिलं, पण त्यातला मान गेला आणि नुसती चेष्टा उरली. तांब्या स्वयंपाकघरात परत गेला. मी प्रदर्शनाला गेलो नाही. तक्ता शाळेच्या कपाटामागे अजून आहे, सुरळी करून, माझ्या नावासकट.

त्यानंतरही मी दर दिवाळीला आक्काकडे जातच राहिलो. न जाण्याने काहीतरी उघड झालं असतं. भाऊबीजेला ती मला ओवाळते. तबक दोनदा फिरवून झालं की तिसऱ्यांदा फिरवताना ती माझ्या तोंडासमोर जरा थांबते. मला वाटायचं, वाऱ्याने हलणारी ज्योत सावरते आहे. मी नजर खाली घालायचो आणि ताटात ओवाळणी टाकायचो. निघताना ती पिशवीभर मोसंबी द्यायची. गाडीत ती पिशवी मांडीवर ठेवून मी बसायचो आणि पूर्णेला उतरल्यावर बायकोकडे द्यायचो. दारं मिटलेल्या घरातून आतल्या माणसाचा आवाज यावा तसा त्या पिशवीतून वास येत राहायचा.

दर वर्षी नववीला तेलांचा भाग आला की मी मोसंबीची साल वर्गात नेतो. दोन वर्षांपूर्वी एका मुलीने विचारलं, "सर, ते तेल बुरशीला मारतं, सालीलाही पोळतं, मग मोसंबीला स्वतःच्या तेलाचा त्रास कसा होत नाही?" मी म्हणालो, "ते पिशवीत बंद असतं ना. आपल्या जागी, आपल्या मापात असलं की राखण करतं." मुलीने ते वहीत लिहून घेतलं. मी फळ्याकडे तोंड करून उगाच जुनी अक्षरं पुसत राहिलो.

यंदा पाऊस नवरात्र संपलं तरी हटला नाही. दसऱ्यानंतर तीन दिवसांनी सुवर्णाचा फोन आला. सुवर्णा म्हणजे आक्काची सून; आक्काला ती आत्या म्हणते, दाजींना आबा. बाग आता तीच बघते.

"मामा, लय फळ सडायलंय. खालच्या फांद्या तर गेल्याच. मी परभणीला शिबिराला गेलते. तिथं सालीच्या अर्कानं बुरशी कशी रोखायची ते सांगितलं. घरी येऊन आत्यांना सांगितलं तर त्या म्हणल्या, 'कवळी साल घ्यायची का पिकली, ते इचारलंस का?' मी म्हणलं, तुमाला कसं ठावं? तर उठून भांडी घासायला गेल्या."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आबा आयकायलेच न्हाईत. म्हणत्यात, हे आपल्या बागेत एकदा झालंय, पुन्ना नाव काढू नको. मामा, तुमी सायन्सचे. तुमी येऊन सांगा की त्यांना. तुमचं आयकतील."

मी रविवारी गेलो. गंगाखेडहून बसमध्ये बसलो तेव्हा ढग फाटून ऊन पडलं होतं, ओल्या रानातून वाफ निघत होती आणि सगळं जग पाण्यातून बघावं तसं हलत होतं. कितीतरी वेळ मला वाटत राहिलं की पायाशी कॅन आहे. मी दोनदा खाली वाकून बघितलं.

बागेत शिरताच आंबूस वास आला. झाडांखाली फळं पडली होती, अर्धी तपकिरी, चामड्यासारखी झालेली. सुवर्णा एकेका झाडाखालून ती उचलत होती. दाजी बांधावर बसले होते. त्यांच्या भुवया पांढऱ्या झाल्यात.

"या मास्तर," ते म्हणाले. "बरं झालं आलाव. ह्या पोरीला समजावून सांगा. तुमी होता की तवा. तुमच्या डोळ्यासमोर झालंय. सांगा तिला, कशी जळाली होती फळं."

सुवर्णा माझ्याकडे आशेने बघत होती. दाजी साक्षीदाराकडे बघावं तसे बघत होते. विहिरीचा उजेड अजूनही झाडांच्या पोटाला लागून पुढेमागे सरकत होता. त्याला काही फरक पडला नव्हता.

"दाजी, ती फळं आक्काच्या पाण्याने जळली नाहीत," मी म्हणालो. "मी जाळली."

आणि मग मी सगळं सांगितलं. चार तांबे आणि वर एक. ऐन दुपार. कॅन धुऊन पाणी भरलं ते. प्रमाण सांभाळावं लागतं म्हणालो, तेही. वर्गात समजावून सांगतो तसा आवाज निघत होता माझा, सरळ, एका पट्टीत. मला वाटायचं, हे सांगताना रडू येईल. आलं नाही.

पायाजवळचं एक गळालेलं हिरवं फळ दाजींनी उचललं आणि तळहातावर फिरवत राहिले. शेवटी म्हणाले, "सतरा वरसं मी तिला बागवानापुढं खाली मान घालाय लावली." माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. ते मला बोलले असते तर बरं झालं असतं.

आक्का झाडांच्या ओळीतून येत होती, कमरेवर गळीच्या फळांची पाटी. किती ऐकलं होतं कोण जाणे. तिने पाटी खाली ठेवली, गुडघ्यावर हात देऊन बसली.

"सांगितलंस व्हय," ती म्हणाली. "मी म्हणलं, मी मेल्यावरच सांगतूस का काय."

"तुला माहीत होतं?"

"बाजारातून आले त्याच सांजेला कॅन उघडला की मी. तू म्हणलास मारलं न्हाई. पाण्याला वास नसतो, बापू."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? नवी नोकरी तुझी. लोकं मास्तर म्हणायला लागली होती. मला वाटलं, आज न्हाई तर उद्या तूच सांगशील." तिने एक फळ घेऊन नखाने साल सोलायला सुरुवात केली. "दर भाऊबीजेला ओवाळताना मी जरा थांबायची. म्हणलं, आता सांगल. तुला कळलंच न्हाई का रं?"

सतरा ज्योती माझ्या डोळ्यांसमोर एकामागून एक थांबल्या आणि पुढे गेल्या.

"मला राग न्हाई आसं न्हाई," ती सालीकडे बघतच म्हणाली. "लय हाय. पर ते मागून बगू. आधी फळ सडायलंय."

सुवर्णा येऊन तिच्याशेजारी बसली आणि सोलायला लागली. मीही बसलो. नखं साल फोडत होती, बारीक फवारे उडत होते, डोळे चुरचुरत होते तिघांचेही. दाजी उठून घराकडे गेले. मला वाटलं, ते आता येणार नाहीत. थोड्या वेळाने आले ते हातात बादली घेऊन. दुसऱ्या हातात पितळेचा तांब्या होता, काठाला पोचा आलेला. त्यांनी तो आक्कासमोर मातीत ठेवला.

"एका बादलीला किती गं?" त्यांनी विचारलं.

हे त्यांना पाठ होतं. मलाही पाठ होतं. त्या बागेतल्या प्रत्येक झाडाला पाठ असेल.

आधी आक्काने पदराने तांब्या पुसला, आतून आणि बाहेरून. मग मान वर करून दाजींकडे बघितलं आणि सावकाश, नीट, परक्या मळ्यातून डबा घेऊन आलेल्या माणसाला सांगावं तसं सांगितलं.

"एक. आज साली भिजू द्या, उद्या भिजू द्या. परवा मारू, ऊन उतरल्यावर."

"तंवर सडंल की आजून."

"सडंल थोडं."

दाजींनी मान डोलवली आणि माठ शोधायला गेले. परवा म्हणजे मंगळवार, आणि दोन्ही दिवस माझी शाळा होती. आक्का माझ्याकडे न बघता म्हणाली, "ऱ्हाशील का? पंप तुलाच घ्यायचाय पाठीवर."

मी राहिलो. मंगळवारी दुपारपासूनच बादली भरून, पंप धुऊन, आम्ही चौघं बांधावर बसलो होतो. ऊन उतरायला त्या दिवशी फार वेळ लागला.